माळ्यावरची माती

आमच्या तालमीचा पहिला नकाशा तयार होऊन आला, तेव्हा त्यात सगळं होतं. भिंतींची जाडी, खांबांमधलं अंतर, कौलांचा उतार, दाराच्या चौकटीवरची वेलबुट्टीसुद्धा. मधोमध मात्र अठरा बाय अठरा फुटांचा एक कोरा चौकोन. वस्तादांनी चष्मा नाकावर खाली ओढून तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि मला म्हणाले, "समदं हाय रं ह्यात. तालीम कुठाय?"

त्या चौकोनात हौद होता, कुस्तीच्या मातीचा. नकाशा काढणारा पोरगा नाव घालायला विसरला, एवढंच. पण पुढची दोन वर्षं आमची फाईल त्या चौकोनाभोवतीच फिरली.

मी तालमीचा चिटणीस. पैलवानकी बाविसाव्या वर्षी गुडघ्यानं संपवली. डावा कान फुटलेला आहे, तेवढीच कमाई. दूध संघात हिशेबाचं काम करतो. 'ह्याला अर्ज लिहिता येतो' या एकाच गुणावर पंधरा वर्षं चिटणीसपदावर टिकलोय. तालीम शुक्रवार पेठेच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात. नाव सांगत नाही. सांगितलं तर पलीकडच्या बोळातल्या तालमीची माणसं 'आमची तुमच्या आधीची' म्हणून उद्या दारात उभी राहतील, आणि तो वाद मिटवायला कुठलीच समिती पुरायची नाही.

बाहेरगावच्या वाचकाला एक सांगायला हवं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं ऐकून पाहुणा कुस्तीचं काहीतरी विचारायला लागतो. इथल्या पोराला त्या नावांनी शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना आठवतो. गणपती तालमीचा, मोहरमचा पंजा तालमीचा, मयताला खांदा तालमीचा, निवडणुकीतलं भांडणही तालमीचंच. आमच्याकडेही एका कोनाड्यात मारुती आहे आणि समोरच्या भिंतीला पंजे बसवायची जागा. दोघांना एकच पंखा.

इमारत म्हणाल तर काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दोन-दोन फुटी विटांच्या भिंती, सागवानी खांब, मंगलोरी कौलं. हौदाच्या उत्तरेला लोखंडी अँगल आणि फळ्या टाकून केलेला एक माळा. त्यावर फुटबॉलच्या जाळ्या, मोडकी समई, मागच्या कुठल्या तरी देखाव्यातला थर्मोकोलचा हत्ती आणि कोपऱ्यात दोन-तीन पोती. माळ्यावर कोण चढत नसे.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या बोळात आली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे गणित आमच्या पेठेत शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी ते गणित कामाचं राहिलं नाही. तालमीत छातीएवढं पाणी पाच दिवस उभं होतं. उतरलं तेव्हा हौदात माती नव्हती, करडा गाळ होता, वास मारणारा. तो काढायला पोरांना आठ दिवस लागले. हळद, तेल, ताक, लिंबू, काव, कापूर घालून वर्षानुवर्षं मळलेली माती बोळातून घमेल्यांनी बाहेर निघाली. वस्ताद पायरीवर बसून होते. काही बोलले नाहीत.

मग आम्ही एक शहाणपणा केला. भिंती ओल्या दिसताहेत म्हणून आतून पाच फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून घेतला आणि त्यावर पांढऱ्या फरशा लावल्या. ठेकेदाराला दोष देत नाही. ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. तालीम न्हाणीघरासारखी चकचकीत दिसायला लागली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. ओल मात्र भिंतीतच अडकली. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती वर चढत गेली, फरशांच्या वर, खिडकीच्या वर, तुळईच्या टोकापर्यंत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात फरशा एकेक करून खाली यायला लागल्या. एक तर शड्डू ठोकताना एका पोराच्या पायाशी पडली.

त्याच सुमारास एक बिल्डर आला. चांगला माणूस, आमच्याच पेठेतला, लहानपणी हौदात उतरलेला. म्हणाला, जुनं पाडूया, खाली सहा गाळे काढूया, वर दोन मजले देतो, तालीम फुकटात नवी. सभेत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. भाड्यातून पोरांचा खुराक निघाला असता. कोपऱ्यातून वस्तादांनी एवढंच विचारलं, "हौद कितव्या मजल्यावर?"

सगळे हसले. पण तो प्रश्न बिल्डरच्या इंजिनिअरनं मनावर घेतला आणि वहीत हिशेब मांडला. अठरा बाय अठरा, खोली तीन फूट, म्हणजे ९७२ घनफूट माती. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी चाळीस टनांच्या वर. शिवाय त्यावर नव्वद किलोची दोन माणसं एकमेकांना आपटणार. "गादी घाला ना, काका," तो म्हणाला, "आता सगळं गादीवरच असतं." त्याचं तसं चूक नव्हतं. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते, आणि महाराष्ट्र केसरीतही गादी आणि माती असे दोन विभाग पडून मग त्यांचे विजेते एकमेकांशी भिडतात. आमच्या पोरांनाही गादी हवीच होती. पण 'तीही हवी' आणि 'तीच हवी' यात फरक आहे, आणि तो सांगण्याएवढा धीर त्या सभेत कुणाकडे नव्हता.

बांधकामाची चौकशी करायला मी महापालिकेत नगररचना विभागात गेलो. तिथल्या बाईंनी सिटी सर्व्हे नंबर विचारला, एक यादी काढली, बोट फिरवत आणलं आणि थांबल्या. "तुमची वास्तू वारसा यादीत आहे, श्रेणी तीनमध्ये. पाडण्याचं सोडा, कौल बदलायचं झालं तरी हेरिटेज समितीपुढं यावं लागेल."

आमची तालीम वारसा आहे हे आम्हाला असं टेबलावर कळलं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र पहिल्यांदा ते सहा गाळे आठवले.

या समितीचं काम कसं चालतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मुंबईत वारसा वास्तूंसाठीचे नियम १९९५ साली आले. आता मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना जी एकत्रीकृत नियमावली लागू आहे, तिच्यातही ते आहेत. समितीवर वास्तुविशारद असतात, इमारतीच्या मजबुतीतलं कळणारा इंजिनिअर असतो, इतिहासाचा जाणकार असतो. समिती सल्ला देते, परवानगी आयुक्तांची. श्रेणी एक म्हणजे जवळजवळ हात लावायचा नाही. श्रेणी दोनमध्ये आतून जपून बदल चालतात. श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक असते, पण विचारल्याशिवाय नाही. आणि पैसे? ते ज्याचे त्यानं बघायचे. सभेत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा शेवटच्या वाक्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी एका पानाची. मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, इमारतीचं मोजमाप घेऊन केलेली ड्रॉइंग, चारही बाजूंचे फोटो, मजबुतीचा अहवाल, विश्वस्तांचा ठराव. शेवटच्या कागदाला मी हसलो होतो. ठराव तर मीच लिहितो. पण ठरावावर सह्या कागदोपत्री विश्वस्तांच्याच लागतात. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा काढला. विश्वस्त सात. त्यांतले पाच पंचगंगेच्या घाटावर पोचलेले, सहावे पुण्याला मुलाकडे, अंथरुणाला खिळलेले. सातवे वस्ताद. माझं नाव कुठंच नाही. पंधरा वर्षं मी ज्या पदावर आहे असं समजत होतो, ते कागदावर जन्माला आलेलंच नव्हतं. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आम्ही गेल्या पस्तीस वर्षांत एकही दिलेला नव्हता. मयतांचे दाखले गोळा करत पेठेतून फिरलो. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी त्या माणसाच्या कुस्तीची गोष्ट. उशीर झाला तो सगळा इथं, आणि तो आमचाच.

ड्रॉइंगसाठी एक संवर्धन वास्तुविशारद मिळाल्या. वय तिशीच्या आत. टेप, शिडी आणि तो विसरभोळा पोरगा घेऊन त्या सकाळी साडेसहाला दारात उभ्या राहिल्या. आत पोरं लंगोटावर. क्षणभर सगळं थिजलं. आमच्या तालमीत बाईमाणूस कधी आत आलेलं नव्हतं. असा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, शेजारच्या सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली होती आणि आमच्याच पोरांनी मोबाईलवर ती आरडाओरडा करत बघितली होती. तरी उंबरा तो उंबराच. सगळे वस्तादांकडे बघायला लागले.

वस्ताद म्हणाले, "बाई, चपला भाईर काडा आन या." मग पोरांवर ओरडले, "कापडं घाला की रं, बगताय काय!"

मॅडमनी तीन दिवस मापं घेतली. फरशा ठोकून बघितल्या, एक काढली, मागचा गिलावा खरवडला आणि भिंतीला तळवा लावून उभ्या राहिल्या. ताप बघतात तसा. "हिला श्वास घेता येत नाहीये," म्हणाल्या. मला ते वाक्य पुस्तकी वाटलं. मग त्यांनी माझाच हात धरून तिथं टेकवला. तळवा ओला झाला.

अर्जात एक रकाना होता, वास्तूच्या महत्त्वाचा. मी एका रात्रीत दोन पानं लिहिली. पहिलंच वाक्य, 'राजर्षी शाहू महाराजांच्या पदस्पर्शाने पावन झालेली...'

"पुरावा आहे?" मॅडमनी विचारलं.

पुरावा कुठला? कोल्हापुरातली प्रत्येक तालीम हेच सांगते. महाराजांनी पैलवान पोसले, खुराक दिला, देशभरातले मल्ल इथं आणले हे खरंच आहे. १९०२ मध्ये ते विलायतेला गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार बघून आले, आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. मधे हौद आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. तो इतिहास मैदानात उभा आहे. पण म्हणून महाराज आमच्या बोळात आले होते असं होत नाही. वाक्य खोडलं. 'शेकडो नामवंत मल्ल घडवणारी' हेही खोडलं. किती ते मोजायला बसलो तर नावं भरली सव्वीस, त्यांतले नामवंत चार, तेही आमच्या पेठेपुरते. दोन पानांच्या दहा ओळी झाल्या. वाईट वाटलं, पण त्या दहा ओळी अशा होत्या की पलीकडच्या तालमीला त्यांतली एकही खोडता आली नसती.

उरलेली जागा ट्रंकेनं भरली. एका जुन्या विश्वस्तांच्या सुनेनं ती काढून दिली. आत पिवळ्या-गुलाबी कागदावरची कुस्ती मैदानांची हँडबिलं, खुराकाच्या हिशेबाची वही (बदाम, तूप, थंडाई, आणि एका पानावर 'अमुक याने उधारी बुडविली' असं लाल शाईत), आणि एक फोटो. तालमीच्या दारात पंधरा-सोळा पैलवान, मागे दोन खिडक्या. त्या खिडक्या आम्ही कुणी बघितलेल्या नव्हत्या. मॅडमनी ड्रॉइंग काढलं, दक्षिणेच्या भिंतीवर मापं धरली, आणि जिथं गिलावा पोकळ वाजत होता तिथं दोन्ही खिडक्या निघाल्या. कुणीतरी, कधीतरी विटांनी बुजवलेल्या. पोरं त्या दिवशी जोर मारायचे सोडून भिंत फोडताना बघत बसली.

नकाशा दुरुस्त होऊन आला. चौकोनात आता 'हौद (तांबडी माती)' असं लिहिलेलं होतं. वस्तादांचं समाधान झालं असं वाटलं, तोवर त्यांचं बोट उत्तरेकडे गेलं.

"हे पिवळं काय?"

नकाशात पाडायचं ते पिवळ्या रंगानं आणि नवीन करायचं ते लाल रंगानं दाखवतात. माळा पिवळा होता. मॅडमनी समजावलं: हा मूळचा नाही, मागाहून घातलेला आहे, अँगल गंजून भिंतीत फुगलेत, त्यानंच वीट फुटतीय. सगळं बरोबर. वस्ताद म्हणाले, "माळा ऱ्हाणार." का, ते सांगेनात. मी सांगून बघितलं, बायकोकरवी त्यांच्या सुनेला सांगून बघितलं. "माळा ऱ्हाणार" यापलीकडे शब्द नाही. म्हातारपणाचा हट्ट असणार, असं मी मॅडमना फोनवर सांगितलं. त्याची मला आजही शरम वाटते.

अर्ज गेला. समिती २०२४ च्या फेब्रुवारीत जागा बघायला आली. चार जण. आम्ही मूर्खासारखे हार-नारळ घेऊन उभे. त्यांतल्या एकानं ते हळूच बाजूला ठेवायला सांगितलं. इंजिनिअर गृहस्थ सरळ तुळयांकडे गेले. इतिहासाचे एक वयस्कर प्राध्यापक हौदाच्या कडेला उकिडवे बसले.

"वस्ताद, हौद कधीचा म्हणायचा?"

"खड्डा इचारताय का माती?"

"दोन्ही सांगा."

"खड्डा माज्या आज्ज्याच्या आदीचा. माती पाच सालाची." वस्ताद थांबले. "आन त्येच्याबी आदीची."

प्राध्यापकांनी वर बघितलं. वस्तादांनी एका पोराला खूण केली. पोरगा माळ्यावर चढला, थर्मोकोलचा हत्ती बाजूला सारला आणि कोपऱ्यातलं एक पोतं खाली सोडलं. वस्तादांनी तोंड सोडून मूठभर माती प्राध्यापकांच्या हातावर ठेवली. काळपट तांबडी, मऊ, भाजणीच्या पिठासारखी. अजून तेलाचा वास होता.

२०१९ ला पाणी बोळाच्या तोंडाशी आलं त्या संध्याकाळी, आम्ही सगळे मॅट, वजनं आणि मारुतीची मूर्ती हलवण्यात गर्क असताना, सत्तरीतल्या या माणसानं नातवाला हाताशी घेऊन हौदातली तीन पोती भरली आणि माळ्यावर चढवली होती. पूर ओसरल्यावर पन्हाळ्याच्या बाजूची नवी माती आली, चाळून झाली, तीत ताक-तेल-हळद पडलं. आम्हाला वाटलं हौद नवा झाला. त्यानंतर एका पहाटे वस्तादांनी त्यात एक पोतं मिसळलं. २०२१ च्या पुरानंतर दुसरं. तिसरं समोर होतं.

"आम्हाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"इरजान लावताना दवंडी पिटत्यात व्हय रं?"

ते हसले, प्राध्यापक हसले, इंजिनिअरही हसले. मला हसू आलं नाही. हिशेबाच्या वहीत मी त्या वर्षी 'नवीन माती, चार ट्रॉली' अशी नोंद केली होती आणि त्याखाली रेघ मारली होती.

मॅडमनी तिथंच, हौदाच्या कडेवर कागद पसरून, माळ्याच्या पिवळ्यावर पेन्सिलीनं काट मारली. अँगल जातील, सागवानी दासे भिंतीला न रुतवता खांबांवर टेकतील, फळ्या नव्या. नाव काय द्यायचं? 'स्टोअर' असं पोरानं लिहिलं. प्राध्यापकांनी ते खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'माती ठेवण्याचा माळा'.

मधे लोकसभेची आचारसंहिता लागली, बैठक पुढे गेली. जूनमध्ये पत्र हातात पडलं. अटी अकरा. सिमेंट काढायचं, चुन्याचाच गिलावा, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या, कौलं मंगलोरीच, गादी ठेवायला मागच्या अंगणात वेगळी हलकी शेड चालेल, विजेचं सगळं वायरिंग नव्यानं, नळ्यांतून. दहावी अट वाचून मात्र सभा पेटली: दर्शनी भिंतीवर फ्लेक्स लावायचे नाहीत. कोल्हापुरात तालमीवर वाढदिवसाचा फ्लेक्स नाही म्हणजे काय? तीन सभा त्यावर गेल्या. गाळ्यांचं नुकसान लोकांनी पचवलं, फ्लेक्सचं पचेना. शेवटी बोळाच्या तोंडाला दोन खांब रोवून तिथं लावायचं ठरलं. आज तिथं मी उभा राहतो तेव्हा तालीम दिसत नाही, वाढदिवस दिसतात.

वायरिंगची अट मला खर्चिक वाटली होती. साडेतीन लाखांचा आकडा होता आणि मी तो पुढच्या वर्षावर ढकलायच्या बेतात होतो.

१ ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. कांबळवाडीचा, राधानगरी तालुक्यातला पोरगा. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या कुणाला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं. तालमीत पेढे वाटले. नेमबाजीतलं आम्हाला काही कळत नाही, पण पदक कळतं. वस्तादांनी पोरांना बसवून खाशाबांची गोष्ट पुन्हा सांगितली: गोळेश्वरचं पोर, राजाराम कॉलेजात शिकायला आलेलं, आणि हेलसिंकीला जायला पैसे नाहीत म्हटल्यावर प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून दिलेले सात हजार रुपये. "घर," वस्ताद म्हणाले. "आन तुमी फ्लेक्सासाठी भांडताय."

बरोबर आठवड्यानं, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. फोन आला तसे आम्ही गाड्या काढून गेलो. खाऊ गल्लीच्या तोंडाशीच गर्दीनं अडवलं. नाट्यगृहाच्या पाठीला खासबाग मैदान. एकानं नाटक, दुसऱ्यानं कुस्ती, महाराजांच्या वेळेपासून पाठीला पाठ लावून उभे. छत कोसळलं तेव्हाचा आवाज अजून कानात आहे. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ पायजम्यावरच आले होते. ते कुणाशी न बोलता नुसते हात जोडून उभे होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

परत येताना कुणी बोललं नाही. तालमीपाशी आल्यावर मी आत गेलो आणि दिवा लावायला हात वर केला. बटणाच्या मागे काळी पडलेली वायर, तिच्या वर वाळलेलं सागवान, त्याच्या वर कौलं. दिवा न लावताच बाहेर आलो. वायरिंगचे साडेतीन लाख सगळ्यांत आधी खर्च झाले.

पैसे कसे उभे केले ते थोडक्यात: वर्गणी, परगावी गेलेल्या पोरांच्या देणग्या, एक कुस्त्यांचं मैदान, आणि त्याच बिल्डरनं फुकट दिलेली कौलं. सगळा खर्च एकतीस लाखांवर गेला.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. चुना महिनाभर टाकीत भिजत ठेवला होता. सीमाभागातून दोन गवंडी आले, बापलेक. वाळू, सुरखी म्हणजे विटांचा भुगा, चुना आणि त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. गूळ अर्थातच आपला. एका पोरानं ढेपेचा तुकडा तोंडात टाकला तर बाप गवंडी म्हणाला, "भिंतीचा खुराक खाऊ नको." सिमेंटचा गिलावा निघाला तेव्हा भिंत काळी होती. दोन महिने तशीच उघडी ठेवली, वाळायला. मला घाई होती. हनुमान जयंतीला उद्घाटन करायचं होतं. गवंडी म्हणायचा, भिंतीला तारीख कळत नाही. नवा गिलावा पातळ थरांत चढला, ओल्या पोत्यांखाली हळूहळू आवळला. त्या काळात पोरांनी व्यायाम रस्त्यावर केला आणि शेजारच्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

हौद सगळ्यांत शेवटी. माती आली, चाळली, पोरांनी खोऱ्यानं उलटीपालटी केली. वस्तादांनी तिसरं पोतं सोडलं. या वेळी पहाटे नाही, सगळ्यांसमोर. मॅडमही होत्या, अनवाणी, दारापाशी नव्हे, हौदाच्या कडेवर. काम पूर्ण झाल्याच्या अहवालासाठी त्यांनी फोटो काढले. माणसं बाजूला व्हा, वास्तू दिसू दे, असं त्या म्हणत होत्या आणि पोरं काही बाजूला होत नव्हती.

मृगाच्या आदल्या दिवशी वस्तादांनी हौदाच्या मधली माती खणून तीन पोती भरली. पोरांनी शिडी लावली. "उजव्या कोपऱ्यात ठेवा," ते खालून ओरडले, "डाव्या अंगाला कौल गळतंय."

सहा महिन्यांपूर्वी बसवलेलं कौल. मी वही काढली आणि लिहून घेतलं.